पंधरा वर्षांच्या पोट्ट्याचं पुस्तक कुठं आहे?

दोस्तांनो, कवितांचे गठ्ठे आपल्याकडे भरपूर झाले. आत्मकथनांचं कपाट भरलं. त्यावर पीएच. डी. करून पोटं भरणाऱ्यांचं दुकानही जोरात चालू आहे. पण चौदा ते अठरा वयाच्या आपल्या पोट्ट्यानं, आपल्या पोट्टीनं हातात घ्यावं, पहिल्या पानावर स्वतःला बघावं आणि कुणाच्या दयेची काठी न टेकता शेवटच्या पानापर्यंत चालत जावं, असं पुस्तक दाखवा. दाखवा ना! काहून गप बसले?

मराठीत किशोरांचं वाङ्मय नाही असं नाही. आहे, आणि चांगलं दणकट आहे. ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या आहे. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा बनेश फेणे आहे, सायकलवर टांग मारून चोर पकडत फिरतो. प्रकाश नारायण संतांचा लंपन आहे. मिलिंद बोकिलांच्या 'शाळा'मधला, आणीबाणीच्या काळात नववीत असलेला जोशी आहे. बालभारतीचं 'किशोर' १९७१ पासून निघतं. यातली बरीच पुस्तकं मी वाचली आणि मला आवडली. लोचा तिथंच आहे. आवडली म्हणून मी त्या पोरांच्या मागं मागं पळालो, त्यांच्या वाड्यात शिरलो, त्यांच्या आईच्या हातचा लाडू मनातल्या मनात खाल्ला. त्या पोरांनाही भूक लागते, पण ती खेळून आल्यावर लागणारी भूक. घरात पीठ नाही म्हणून लागणारी भूक वेगळी. तिला या कपाटात जागा नाही.

मी भागवतांना शिव्या देणार नाही. त्यांनी त्यांच्या ओळखीच्या पोरांसाठी मन लावून लिहिलं. शिव्या द्यायच्याच तर त्या 'सर्व मराठी मुलांचे लाडके' असा शिक्का मारणाऱ्या प्रस्थापितांना. सर्व म्हणजे कोण? एका पेठेतली पोरं 'सर्व' आणि अख्ख्या वऱ्हाडातल्या बुद्धवाड्यातली, मांगवाड्यातली, पारधी बेड्यावरची पोरं म्हणजे काय, 'इतर'?

आता 'श्यामची आई' घ्या. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेलं, १९३५ साली छापलेलं. साने गुरुजी माणूस सच्चा. १९४७ साली पंढरपूरच्या विठोबाचं दार आमच्यासाठी उघडावं म्हणून उपाशी बसला, हे मी विसरत नाही. पण त्या पुस्तकात एक महाराची म्हातारी येते. तिची मोळी पडलेली असते. आई श्यामला सांगते, जा, उचलून दे. आणि मग येऊन आंघोळ कर. श्याम मोळी उचलतो. मराठी मुलुख डोळे पुसतो. मी विचारतो, त्या म्हातारीला नातू नव्हता काय? असेल तर तो त्या दिवशी कुठं होता? आजीची मोळी एक बामणाचं पोरगं उचलून देतं, मग आंघोळ करतं, हे त्या नातवानं लांबून पाहिलं तेव्हा त्याच्या डोक्यात काय शिजलं? श्यामला नाव आहे, आई आहे, संस्कार आहेत, कादंबरी आहे. म्हातारीला मोळी आहे. नव्वद वर्षं झाली, नातवाची कादंबरी अजून यायची आहे.

इथं समीक्षक चष्मा वर करून म्हणतील, अहो, तुमची आत्मकथनं आहेत की. आहेत. 'बलुतं' १९७८, 'आठवणींचे पक्षी' १९७९, 'उपरा' १९८०, 'अक्करमाशी' १९८४, बेबीताई कांबळेंचं 'जिणं आमुचं' १९८६, 'उचल्या' १९८७. ही पुस्तकं आमची हाडं आहेत. त्यांच्यावर बोट ठेवायची कुणाची टाप नाही, माझीही नाही. पण ती कुणी कुणाला सांगितली ते बघा. 'बलुतं'मध्ये दगडू मारुती पवार बोलतो आणि समोर शिकलेला दया पवार ऐकत बसतो. दगडूला पोरसवदा वयात एकट्याला बोलता येत नाही. तो मोठा झाल्यावरच, मागं वळून, शिकलेल्या कानासमोर बोलतो. जवळपास सगळ्याच आत्मकथनांत असं आहे. माणूस चाळिशीला येतो, नोकरीला लागतो, मग पाठीमागं बघतो. भूक होती. मार होता. शाळेच्या दाराबाहेर बसणं होतं. सगळं होतं, होतं, होतं. आजच्या पंधरा वर्षांच्या पोट्ट्याला वाटतं, ही बापाची, आज्याची गोष्ट. अन् माझ्या वर्गात काल जे झालं ते कुठल्या पुस्तकात लिवलं हाय?

दुसरी गोष्ट याहून कडू आहे. आत्मकथन वाचलेला माणूस लिहितो. वाचलेला म्हणजे शिकलेला, आणि वाचलेला म्हणजे जिवंत सुटलेला. पुस्तक हातात घेतलं की शेवट आधीच ठाऊक असतो: हा माणूस मेला नाही, प्राध्यापक झाला, साहेब झाला, लेखक झाला. वाचणाऱ्या पांढरपेशालाही बरं वाटतं. चला, सुटला एक.

आणि जो सुटला नाही?

२८ एप्रिल २०१४. तेव्हाचा अहमदनगर जिल्हा, जामखेड तालुका, खर्डा गाव. नितीन आगे, वय १७, शिकणारा पोरगा. सवर्ण मुलीशी बोलतो या संशयावरून त्याला मारला आणि झाडाला टांगला. नोव्हेंबर २०१७ मध्ये नगरच्या सत्र न्यायालयातून आरोपी निर्दोष सुटले. साक्षीदार फितूर झाले होते. त्याआधी २९ सप्टेंबर २००६, भंडारा जिल्ह्यातलं खैरलांजी. भोतमांगे कुटुंबातली चार माणसं मारली, त्यांत १७ वर्षांची शिकणारी पोरगी होती. या दोघांचं आत्मकथन निघणार आहे काय? मेलेल्या पोराचं आत्मकथन निघत नाही बाप्पा. त्याच्यासाठी कादंबरीच लागते. दुसऱ्या कुणाला तरी त्याच्या कातड्यात शिरून, त्याच्या वयाचा होऊन, 'मी' म्हणून बोलावं लागतं. आपल्याकडे मोर्चे निघाले, सत्यशोधन समित्यांचे अहवाल निघाले, कविता तर ढिगानं निघाल्या, माझ्याही निघाल्या. पण खर्ड्याच्या वर्गात त्या पोराच्या शेजारच्या बाकावर जी पोरं बसत होती, त्यांच्या मनात मे महिन्याच्या सुट्टीत काय चाललं असेल, ते कुणी लिहिलं?

एक माणूस तिथपर्यंत पोचला, पण त्यानं पुस्तक लिहिलं नाही, सिनेमा काढला. नागराज मंजुळेचा 'फँड्री' १४ फेब्रुवारी २०१४ रोजी लागला. खर्ड्याच्या अडीच महिने आधी. कैकाड्याचा जब्या, वर्गातली शालू, काळी चिमणी, आणि गावासमोर डुकरं धरायची पाळी. त्या पोराला कुणी मोठा माणूस समजावून सांगत नाही की बाळा, हे असं का होतं. तो स्वतः बघतो, स्वतः लाजतो, स्वतः दगड उचलतो. अख्ख्या मराठी किशोरवाङ्मयाला जे जमलं नाही ते त्या सिनेमानं केलं. पण सिनेमा दोन आठवड्यांत थेटरातून उतरतो. पुस्तक शाळेच्या पेटीत तीस वर्षं पडून राहतं आणि कुण्या तरी पोराच्या हाताला लागतं. म्हणून मला पुस्तक पाहिजे.

हे जमतच नाही असं कुणी म्हणू नये. अमेरिकेतल्या काळ्यांनी करून दाखवलं. माझं इंग्रजी मॅट्रिकचं. गोदीत दोन पाळ्यांच्या मधल्या वेळात, शेडच्या सावलीला, मोबाईलवर एका बाजूला डिक्शनरी उघडून मी ही पुस्तकं वाचली. एकेका पुस्तकाला दोन दोन महिने लागले. तिकडं या वयाच्या पुस्तकांना 'यंग अडल्ट' म्हणतात. भाषा सोपी असते, कारण ती पंडितांसाठी नसतेच.

अँजी थॉमस ही मिसिसिपीच्या जॅक्सन गावची बाई. तिचं 'द हेट यू गिव्ह' २०१७ साली आलं. सोळा वर्षांची स्टार कार्टर मित्राच्या गाडीत बसलेली असते. पोलीस गाडी थांबवतो, निःशस्त्र पोराला गोळी घालतो. साक्षीदार एकटी स्टार. पुढचं सगळं पुस्तक एवढंच: ही पोरगी तोंड उघडणार का? घरचे घाबरलेले, मोहल्ल्यातला गुंड दम देतोय, गोऱ्यांच्या शाळेतल्या मैत्रिणी मेलेल्यालाच दोष देतायत. ती शाळेत एक इंग्रजी बोलते, घरी दुसरी. शेवटी तो पोलीस सुटतोच. पण ती बोललेली असते. दोस्तांनो, हे वाचताना मला खर्डा आठवला. साक्षीदार फितूर झाले एवढं एका ओळीत पेपरात येतं. फितूर होणाऱ्याच्या घरात पोरं नसतात काय? बाप कोर्टात जाऊन 'मला काही आठवत नाही' म्हणतो, आणि रात्री पोरगी त्याच्या ताटात भाकर वाढते, त्या वेळी तिच्या डोळ्यात काय असतं? हे लिहायला अमेरिकेत जावं लागत नाही. जामखेडला जावं लागतं.

वॉल्टर डीन मायर्सचं 'मॉन्स्टर' १९९९ चं. न्यूयॉर्कच्या हार्लेममधला सोळा वर्षांचा स्टीव्ह खुनाच्या खटल्यात जेलात पडलेला. सरकारी वकील त्याला राक्षस म्हणतो. तो पोरगा आपला खटला सिनेमाच्या पटकथेसारखा वहीत लिहून काढतो. तो निर्दोष आहे की नाही, हे लेखक छातीठोक सांगत नाही. ही हिंमत बघा! आमच्या लेखकाला आमचा पोरगा सोन्यासारखाच दाखवावा लागतो, नाहीतर वाचक दया काढून घेईल अशी भीती. मायर्सनं स्वतः शाळा अर्धवट सोडली होती, सतराव्या वर्षी फौजेत भरती झाला होता. पोरं कुठल्या गल्लीत चुकतात हे त्याला कुणा समाजशास्त्रज्ञानं शिकवलं नव्हतं.

मिल्ड्रेड टेलरचं पुस्तक १९७६ चं, नाव 'रोल ऑफ थंडर, हिअर माय क्राय'. १९३० च्या दशकातली मिसिसिपी, कापसाचा मुलुख. हो, कापूस! आमच्या वऱ्हाडासारखाच. काळ्या पोरांच्या शाळेत पुस्तकं वाटली जातात. गोऱ्या पोरांनी वर्षानुवर्षं वापरून फाडलेली, टाकाऊ. आतल्या तक्त्यात लिहिलेलं असतं की हे पुस्तक कोणकोणत्या साली दिलं, त्याची दशा काय होती आणि ते कुठल्या वंशाच्या पोराला मिळालं. चांगलं असताना गोऱ्याला, चिंध्या झाल्यावर काळ्याला. एक सहा वर्षांचं पोरगं ते वाचतं, पुस्तक आपटतं आणि त्यावर नाचतं. मास्तरीण छडी उगारते. यात कुठं भाषण नाही, कुठं हंबरडा नाही. सहा वर्षांच्या पोराचा पाय आहे फक्त. एका पायात सगळा विद्रोह.

हे काय आपोआप झालं? नाही. तिकडंही कपाट गोरंच होतं. १९६५ साली नॅन्सी लॅरिक नावाच्या गोऱ्या बाईनं तीन वर्षांतली मुलांची पुस्तकं मोजली. ५,२०६ पुस्तकांपैकी ३४९ मध्ये एखादा तरी काळा माणूस सापडला. शंभरात सात नाही. मोजायला सुरुवात झाली ती एका पाच वर्षांच्या काळ्या पोरीच्या प्रश्नावरून: पुस्तकातली मुलं नेहमी गोरीच का? २०१४ साली म्हातारा मायर्स पुन्हा भडकला, कारण २०१३ मधल्या ३,२०० पुस्तकांपैकी काळ्यांबद्दलची फक्त ९३ निघाली होती. म्हणजे लढाई संपली नव्हती. पण त्यांनी मोजलं तरी. आमच्याकडे एवढी विद्यापीठं, एवढी साहित्य संमेलनं. मराठी किशोर कादंबऱ्यांत दलित, आदिवासी, भटक्या पोरांना नायकाची जागा किती वेळा मिळाली, हे मोजायला कुठला विभागप्रमुख खुर्चीतून उठला?

आणि आपणही काय केलं? १९६६ साली ओकलंडमध्ये ब्लॅक पँथर उभी राहिली, १९७२ साली मुंबईत दलित पँथर. नाव घेतलं, झेप घेतली, छाती ताठ केली. त्याआधी औरंगाबादेत म. ना. वानखडे सरांनी काळ्यांच्या साहित्याची ओळख करून दिली होती. १९७८ साली जनार्दन वाघमाऱ्यांचं अमेरिकन निग्रोंच्या साहित्यावरचं पुस्तक आलं. त्यांची कविता आपण घेतली, राग घेतला, बंदुकीचा फोटो घेतला. पोरांची पुस्तकं तेवढी घेतली नाहीत. ती बायकांची, मास्तरणींची कामं वाटली असतील.

एक तारीख सांगतो. ३१ जानेवारी १९२० ला बाबासाहेबांनी मुंबईत 'मूकनायक' काढला. त्याच जानेवारीत न्यूयॉर्कमध्ये डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉयनं 'द ब्राउनीज बुक' नावाचं मासिक सुरू केलं. कुणासाठी? काळ्या पोरांसाठी! मोठ्यांसाठी त्याचं 'क्रायसिस' होतंच. तरी त्याला वाटलं की पोरांना वेगळं पाहिजे. मासिक दोन वर्षं चाललं, २४ अंक निघाले. त्यात नुकतीच शाळा संपवलेल्या एका पोराच्या कविता छापून आल्या. त्याचं नाव लँग्स्टन ह्यूज. पुढं हाच ड्युबॉय आणि आपले बाबासाहेब यांची १९४६ साली पत्रापत्री झाली. मूकनायकाला शंभर वर्षं झाली तेव्हा आपण सगळीकडं कार्यक्रम केले, फुलं वाहिली, भाषणं ठोकली. मूकनायकाच्या वारसांनी पोरांसाठी एक मासिक काढून जगवलं असतं तर? आपल्या पोरांतला ह्यूज कुठं छापून येणार? व्हाट्सॲपच्या स्टेटसवर?

बरं, हे आपल्या रक्तात नाही असंही नाही. सावित्रीमाई-जोतिबांच्या शाळेतली मुक्ता साळवे, मांगाची पोरगी, चौदाएक वर्षांची. १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये तिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध छापून आला. आपल्या लेखनाची सुरुवातच एका पोरीनं केली आहे, ती पोरगी असताना. बक्षीस द्यायला आलेल्या साहेबाकडं तिनं खाऊऐवजी ग्रंथालय मागितलं अशी आठवण सांगतात. आणि बाबासाहेबांचं 'वेटिंग फॉर अ व्हिसा' घ्या. १९९० साली पुस्तिका निघाली, कोलंबिया विद्यापीठात शिकवतात. त्यातली पहिली गोष्ट एका नऊ वर्षांच्या पोराची आहे. साल १९०१. बाप गोरेगावला नोकरीला. भीमराव, भाऊ आणि भाचे नवे कपडे घालून, जरीच्या टोप्या घालून आगगाडीनं निघतात. मसूर स्टेशनवर उतरतात. न्यायला कुणी आलेलं नाही. स्टेशनमास्तर आधी गोड बोलतो, मग महार कळल्यावर चेहरा बदलतो. गाडीवाला दुप्पट भाडं घेतो आणि तरी गाडी पोरांनाच हाकायला लावतो. रात्रभर पाणी नाही. जगातल्या कुठल्याही किशोर कादंबरीला यापेक्षा चांगली सुरुवात सापडेल का? ती कादंबरी पुढं न्यायला कोण आलं?

स्टेशनची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. मी चांदूरचा. आमच्या अमरावती जिल्ह्यात चांदूर दोन, एक बाजारवालं, एक रेल्वेवालं. आमचं रेल्वेवालं, मुंबई-नागपूर लाइनवरचं. दसरा आला की या लाइनवर निळं वादळ उठतं, दीक्षाभूमीला जाणाऱ्यांचं. सहा डिसेंबर आला की तेच वादळ उलट्या दिशेनं दादरला. चांदूरच्या फलाटावर पोट्टे उभे असतात, पाठीवर दप्तर, दप्तरात बेसन-भाकर, घरी खोटं सांगून निघालेले. चार पोट्टे, एक रात्र, जनरल डबा, रिझर्वेशनवाल्यांचे वाकडे चेहरे, इगतपुरीची थंडी, चैत्यभूमीची रांग, शिवाजी पार्कावरचे पुस्तकांचे ठेले, परतीला एक जण हरवला. ही कादंबरी नाही तर काय आहे? त्यात रडणं आहे, तसं हसणंही आहे, पोट्टीला बघून केस सावरणं आहे, पैशावरून भांडण आहे.

माझा भाचा तिथंच दहावीत आहे. दिवाळीच्या सुट्टीत मायसंगं कापूस वेचायला जातो, किलोवर मजुरी. त्याला मी मुंबईहून एक नावाजलेली किशोर कादंबरी पाठवली होती. चार दिवसांत वाचली. फोनवर म्हणे, "मामा, पुस्तक मस्त हाये. पन यायच्या शायेत आपला कोनीच नोयता काय?" मी म्हटलं, होता असंल, लेखकाला दिसला नसंल. तो म्हणे, "मंग तू लिव ना." समीक्षा म्हणतात ती ही. दोन वाक्यांत.

त्याच्या भाषेचंही बघा. मराठी पुस्तकात वऱ्हाडी कुणाच्या तोंडी येते? गड्याच्या, मोलकरणीच्या, नाहीतर हसवायला ठेवलेल्या मामाच्या. 'मले', 'तुले' आलं की वाचक दात काढतो. 'मले' म्हणणारा पोरगा प्रेमात पडू शकतो, गणितात पहिला येऊ शकतो, आतल्या आत कुढू शकतो, हे पुण्याच्या प्रूफरीडरला पटत नाही. तो लाल पेनानं 'मला' करतो.

आता येतील दोन तऱ्हेचे शहाणे. पहिला म्हणेल, मुलांच्या कोवळ्या मनात जात कशाला पेरता? अरे महाराजा, शाळेच्या फॉर्मवर जात, दाखल्यावर जात, स्कॉलरशिपच्या रांगेत जात, हजेरी घेताना आडनावानंतरच्या थांबण्यात जात. पोट्ट्याला जात पहिलीतच कळते. नाही कळत ती तुझ्या पोराला. म्हणून हे पुस्तक दोघांनाही पाहिजे. टेक्सासमध्ये केटी नावाच्या शाळा-विभागानं २०१७ साली 'द हेट यू गिव्ह' कपाटातून काढून टाकलं. भाषा वाईट म्हणून. गोळी घालणं चालतं, शिवी चालत नाही. सगळीकडचे बामण सारखेच.

दुसरा शहाणा आपल्यातलाच. तो म्हणेल, लिहू की, घ्या: बाप दारू पितो, माय रडते, भाऊ मरतो, पोरगी नासवली जाते, शेवटी सूर्य उगवतो. दोनशे पानं. नको बाबा! त्याच २०१४ साली मायर्सच्या पोरानं, ख्रिस्तोफर मायर्सनं, हीच बोंब मारली होती: काळ्या पोराला पुस्तकात जागा मिळते ती गुलामी आणि नागरी हक्कांच्या गोष्टीपुरतीच, साहसाच्या आणि कल्पनेच्या मुलखात जायचा परवाना त्याला मिळत नाही. आपल्या पोराचं दुःख विकत घेणारं गिऱ्हाईक भरपूर आहे. ते गिऱ्हाईक हळहळतं, पुरस्कार देतं, घरी जातं. ज्याच्या पायात काटा आहे त्याला काट्याचं वर्णन नको असतं, काटा काढून पुढं कसं पळायचं ते पाहिजे असतं. आमच्या पोट्ट्यालाही चोर पकडू द्या. त्याला भूत दिसू द्या. त्याला खोटं बोलू द्या, कॉपी करू द्या, मित्राला दगा देऊ द्या, मग त्याला झोप येऊ देऊ नका. अन्याय त्या गोष्टीत असेलच, हवेसारखा. वेगळा पंप लावून भरायची गरज नाही.

आणि सवर्ण लेखकांना एकच सांगणं. तुमच्या कादंबरीत दलित मित्र आणता आणि शंभराव्या पानावर मारता, म्हणजे तुमचा नायक शहाणा होतो. आमची पोरं तुमच्या नायकाचं खत नव्हेत. लिहायचंच असेल तर त्या मोळीसमोर उभ्या असलेल्या श्यामची खरी गोष्ट लिहा. तो आंघोळ करताना काय विचार करत होता? ती तुम्हाला जास्त चांगली जमेल.

पुस्तक काढलं तर विकणार कुठं, हा प्रश्न मला कुणी विचारू नये. दीक्षाभूमीवर आणि शिवाजी पार्कावर एका दिवसात जेवढी मराठी पुस्तकं माणसं डोक्यावर घेऊन जातात, तेवढी संमेलनवाल्यांनी स्वप्नात पाहावी. मजूर बाया पदराच्या गाठीतले पैसे सोडून पुस्तकं घेतात. त्या बाईच्या हाताला धरून आलेलं पोरगं ठेल्यासमोर उभं असतं. त्याच्या उंचीला ठेल्यावर काय ठेवलंय? फोटो, कॅलेंडर, बिल्ले, आणि बापासाठी जाड ग्रंथ.

तर कामाचं बोलू. या अंकाच्या संपादकांशी माझं बोलणं झालंय. पुढल्या अंकापासून सोळा पानं बाजूला ठेवतायत. लिहिणारा विशीच्या आतला असेल तर आधी छापू, बाकीचे मागनं. गोष्ट लांब असेल तर चार अंकांत तोडून छापू. वऱ्हाडीत लिहा, मराठवाडीत लिहा, कैकाड्याच्या बोलीत लिहा, कामाठीपुऱ्याच्या बंबय्यात लिहा, लाल पेन चालणार नाही. गोष्टीतलं पोरगं अठराच्या पुढचं नको. कागदाच्या एकाच बाजूला लिहा, नाहीतर मोबाईलवर टाइप करून पाठवा. सहा डिसेंबरला पहिली पुस्तिका ठेल्यावर गेली पाहिजे, किंमत वीस रुपयांच्या वर नको.

कविता पाठवू नका. कविता लय झाल्या.